फुटबॉल क्लब कर्जात का बुडतात, आणि काही का तरतात?

लेफ्टबॅक (धागालेखक)

२००१ च्या मे महिन्यात इंग्लंडचा लीड्स युनायटेड युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी खेळत होता. २००७ च्या मे महिन्यात त्याच क्लबाचा कारभार बुडीत क्लबाची देणी मिटवण्यासाठी नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला आणि पुढचा हंगाम इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत, तोही उणे १५ गुणांपासून, सुरू करावा लागला.

मधल्या सहा वर्षांत काय घडलं याचं उत्तर बहुतेक जण "पैसे उधळले" एवढ्यावर संपवतात. मला ते अपुरं वाटतं. उधळपट्टी होतीच. रिओ फर्डिनंडसाठी २००० साली १.८ कोटी पौंड मोजले, तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम होता. पण घात झाला तो पुढच्या वर्षी. येत्या २५ वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंड उचलले गेले, आणि ते फेडायचं तर संघ चॅम्पियन्स लीगमध्ये असायलाच हवा अशी परिस्थिती तयार झाली. २०००-०१ मध्ये इंग्लंडमधून पहिले तीनच संघ जात, पुढच्या वर्षी चार. लीड्स २०००-०१ मध्ये चौथा आला, पुढच्या वर्षी पाचवा. मैदानावरची ही कामगिरी उत्तम होती! पण हिशोब तिसऱ्या क्रमांकावर बांधलेला होता, त्यामुळे चौथा क्रमांकसुद्धा महागात पडला. मग फर्डिनंड गेला, रॉबी कीन गेला, वुडगेट गेला. २००४ मध्ये प्रीमिअर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतून, घसरण झाली आणि त्याच वर्षी एलंड रोड मैदानही विकावं लागलं. प्रीमिअर लीगमध्ये परत यायला २०२० उजाडलं.

म्हणून कर्जाचा आकडा कळला की मी आधी एकच विचारतो: हे फेडण्यासाठी संघ जिंकावाच लागतो का? उत्तर "हो" असेल तर आकडा लहान असला तरी क्लब धोक्यात आहे. चेंडू खांबाला लागून बाहेर जाणं हा खेळाचा भाग आहे, त्यावर शेकडो लोकांचे पगार टांगून ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

तुमच्याकडची उदाहरणं आणि वेगळी मतं दोन्ही हवी आहेत.

---

ताळेबंद

चांगला धागा. तुमच्या प्रश्नाला जोड देतो.

क्लबाचं "कर्ज" म्हणून जो एकच आकडा छापून येतो, त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. बँकेचं किंवा रोख्यांचं कर्ज, त्यावर व्याज आणि मुदत दोन्ही. मालकाने दिलेलं कर्ज, बहुधा बिनव्याजी आणि मुदत मालकाच्या मर्जीवर. आणि इतर क्लबांना द्यायचे राहिलेले खेळाडूंचे हप्ते. मोठ्या खेळाडूची पूर्ण किंमत एकरकमी क्वचितच दिली जाते, ती तीन-चार वर्षांत विभागलेली असते. या तिन्हींची बेरीज करून दोन क्लबांची तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच.

मैदानासाठी घेतलेलं कर्ज मी वेगळं धरतो. आर्सेनलने हायबरी हे जुनं मैदान सोडलं तेव्हा तिथे सुमारे ३८ हजार प्रेक्षक मावत होते. २००६ मध्ये उघडलेल्या एमिरेट्समध्ये ६० हजार. खर्च ३९ कोटी पौंडांच्या घरात. पैसे दीर्घ मुदतीच्या, ठरलेल्या व्याजाच्या रोख्यांतून उभे केले आणि फेड तिकिटांच्या पैशांतून. आर्सेनल तेव्हा पहिला येवो की चौथा, मैदान भरतच होतं. टॉटनहॅमने २०१९ मध्ये उघडलेल्या मैदानावर तर सुमारे १०० कोटी पौंड घातले, आणि तिथे अमेरिकन फुटबॉल, मुष्टियुद्ध, मैफली या सगळ्याचा पैसा येतो. लेफ्टबॅक यांच्या कसोटीवर ही दोन्ही कर्जं उतरतात.

---

कॉर्नरफ्लॅग

आर्सेनलचं उदाहरण इतकं सहज पटवून घेऊ नका. रोखे फेडता फेडता आम्ही आर्सेनलच्या समर्थकांनी आँरी, फाब्रेगास, नास्री, फान पर्सी एकामागोमाग एक जाताना पाहिले. फान पर्सी तर थेट मँचेस्टर युनायटेडला, आणि पहिल्याच हंगामात त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. सुरुवातीला रोख हवी म्हणून मैदानाच्या नावाचा आणि शर्टाचा करार २००४ मध्येच लांब मुदतीसाठी १० कोटी पौंडांना करून टाकला. काही वर्षांत बाजारभाव कुठल्या कुठे गेला आणि आम्ही जुन्या दरात अडकलेलो.

क्लब सुरक्षित राहिला हे मान्य. त्याची किंमत समर्थकांच्या एका पिढीने मोजली, हेही लिहायला हवं.

---

ताळेबंद

कॉर्नरफ्लॅग, मान्य आहे. फक्त एक भर घालतो: त्या सगळ्या काळात २०१६ पर्यंत आर्सेनल दरवर्षी पहिल्या चारांत होता. प्रशिक्षक वेंगर यांचं सगळ्यांत मोठं काम मी तेच समजतो. विजेतेपदांपेक्षाही.

---

मृण्मयी

लेफ्टबॅक, तुमची कसोटी मला अर्धी वाटते. मँचेस्टर युनायटेड तीत सहज उत्तीर्ण होतो आणि तरी तिथे जे झालं ते अन्यायच आहे.

२००५ पूर्वी त्या क्लबावर कर्ज नव्हतं. ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातली मोठी रक्कम उसनी होती आणि तिचा भार क्लबाच्याच माथी मारला. म्हणजे क्लबाने स्वतःला विकत घेण्याचं व्याज स्वतःच्या तिकिटांमधून भरलं. काही कर्जाचा व्याजदर १४ टक्क्यांच्या वर होता. क्लब बुडाला का? नाही. इतकी कमाई आहे की बुडणं अवघड. पण वीस वर्षं जे व्याज गेलं त्याच्या बदल्यात क्लबाला ना खुर्ची मिळाली, ना छप्पर, ना एखादा बचावपटू. ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर गळतानाची दृश्यं २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी सुमारे २५० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

माझा प्रश्न म्हणून वेगळा आहे: कर्जाचा पैसा क्लबात आला की क्लबातून बाहेर गेला?

---

लेफ्टबॅक (धागालेखक)

मृण्मयी, हा मुद्दा माझ्या लिखाणात नव्हता आणि तो असायला हवा. लीड्सचा पैसा निदान संघावर खर्च झाला, चुकीच्या भरवशावर का होईना. मँचेस्टर युनायटेडचा झालाच नाही. आता माझ्या दृष्टीने प्रश्न दोन.

---

प्रथमेश७

एक साधी शंका. चेल्सी दर वर्षी एवढे खेळाडू घेतो, तरी खर्चाच्या नियमांत बसतो कसा? आणि दुसरे क्लब त्याहून कमी खर्च करून गुण गमावतात ते का?

---

ताळेबंद

थोडं सविस्तर सांगावं लागेल.

हिशोबाच्या वहीत खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटली जाते. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत एन्झो फर्नांडिससाठी १०.६८ कोटी पौंड ठरवले आणि साडेआठ वर्षांचा करार केला. म्हणजे वहीत दर वर्षी साधारण १.२६ कोटी. हाच करार पाच वर्षांचा असता तर दर वर्षी २.१४ कोटी पडले असते. मुद्रिकलाही त्यांनी साडेआठ वर्षं दिली. मग युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने त्याच उन्हाळ्यापासून ही वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली आणि डिसेंबरमध्ये प्रीमिअर लीगनेही. आधी झालेल्या करारांना मात्र ते लागू नव्हतं.

विक्रीचं उलट आहे. तिथे नफा त्याच वर्षी पूर्ण दिसतो. १० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत ४ कोटी उरते. तो ६ कोटींना विकला की वहीत २ कोटी नफा, जरी खिशातून प्रत्यक्षात ४ कोटी कमी झाले असले तरी. आणि क्लबाच्या अकादमीत घडलेल्या खेळाडूची वहीतली किंमत शून्य असते, म्हणून त्याच्या विक्रीचा सगळा पैसा नफा. मेसन माउंट, कॉनर गॅलाघर हे त्यामुळेच विकायला सोयीचे ठरले. याशिवाय चेल्सीने आपली दोन हॉटेलं स्वतःच्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीला विकली, पुढे महिला संघही. नियमात ती पळवाट होती, त्यांनी वापरली. माझ्या मते हे क्लबाच्या तब्येतीचं लक्षण मुळीच नाही, कारण बाहेरून एक पैसाही आलेला नाही.

आता गुणकपात. प्रीमिअर लीगच्या तेव्हाच्या खर्चाच्या नियमानुसार तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालत होता. मैदान, अकादमी, महिला फुटबॉल यांवरचा खर्च त्यातून वगळत. एव्हर्टन ही मर्यादा १.९५ कोटींनी ओलांडून गेला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, आणि पुढच्या कालखंडासाठी आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले. त्यांनी ब्रेनन जॉन्सनला ३० जूनच्या आत विकलं असतं तर हिशोब बराच सावरला असता. चांगला भाव यावा म्हणून थांबले आणि १ सप्टेंबरला जास्त पैशांत विकलं. धंदा म्हणून बरोबर, नियमाच्या तारखेने चूक.

---

कॉर्नरफ्लॅग

आणि इथेच माझा या नियमांवर राग आहे. २०२४ च्या जूनअखेरीस न्यूकॅसलने एलियट अँडरसनला फॉरेस्टला विकलं. त्याच भागातला मुलगा, लहानपणापासून त्याच क्लबात वाढलेला. त्याला कुणी विकू इच्छित नव्हतं. क्लबाचे मालक जगातल्या सर्वांत श्रीमंत मालकांपैकी, रोख रकमेची चणचण कसली? तरीही ३० जूनची तारीख गाठायला घरचा मुलगा गेला. त्याच दिवसांत अॅस्टन व्हिला, एव्हर्टन, चेल्सी यांच्यात तरुण खेळाडूंची अशीच देवाणघेवाण झाली.

क्लब वाचवण्यासाठी केलेला नियम जर अकादमीतल्या मुलाला सगळ्यांत आधी दाराबाहेर काढत असेल, तर तो मुळात चुकलेला आहे. शिवाय ज्यांची कमाई आधीच मोठी ते जास्त खर्च करणार, खालचे खालीच राहणार.

---

मृण्मयी

दुसऱ्या वाक्याशी सहमत, पण नियम नकोतच असं म्हणाल तर ठाम असहमत. नियम नसताना काय होतं ते पोर्ट्समथला विचारा.

२००८ मध्ये एफए कप जिंकला. २०१० च्या फेब्रुवारीत प्रशासकाच्या हाती गेला, प्रीमिअर लीगमधला असा पहिलाच क्लब. ९ गुण कापले, घसरण झाली. तीन वर्षांत सर्वांत खालच्या व्यावसायिक श्रेणीपर्यंत पोहोचला. शेवटी २०१३ मध्ये समर्थकांच्या न्यासाने पैसे गोळा करून क्लब ताब्यात घेतला.

यात ज्याबद्दल फार कमी बोललं जातं ते सांगते. इंग्लंडमध्ये असा नियम आहे की क्लब बुडीत निघाला तर खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी आधी, आणि पूर्ण फेडायची. उरलं तर बाकीच्यांना पौंडामागे काही पेन्स. पोर्ट्समथच्या वेळी बाकीचे म्हणजे कर खातं, छपाईवाला, गवत राखणारा कंत्राटदार. पोर्ट्समथच्या घेणेकऱ्यांच्या यादीत सामन्यांना प्रथमोपचाराला येणारी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. कर खात्याने या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये ते हरले.

म्हणजे मोठा पगार देणाऱ्या क्लबाचा धोका स्ट्रायकर उचलत नाही. ज्याचा निर्णयाशी काडीचा संबंध नाही तो उचलतो. क्लबाचं कर्ज हा फक्त समर्थकांच्या भावनेचा विषय आहे असं कुणी म्हटलं की मला ही यादी आठवते.

---

जुना_स्वीपर

ब्युरीचाही उल्लेख हवा. १८८५ चा क्लब. कर्ज, न दिलेले पगार, मैदानावरचा बोजा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगमधून काढून टाकला. वर वाचलं ते कोट्यवधींचं होतं. इथे रक्कम त्या मानाने किरकोळ होती, पण ती भरणारं कुणी नव्हतं.

---

प्रथमेश७

मग जर्मनीसारखं का करत नाहीत? तिथे ५०+१ नियमाने मतांचं बहुमत सभासदांकडे असतं. बाहेरचा कुणी येऊन क्लबावर कर्ज लादू शकत नाही.

---

जुना_स्वीपर

लादू शकत नाही हे खरं. पण सभासदांचा क्लब स्वतःच्या हाताने बुडू शकतो. डॉर्टमुंडने ते करून दाखवलं आहे.

२००० मध्ये शेअर बाजारात उतरलेला हा पहिला जर्मन क्लब. पैसा आला, खेळाडू आले, २००२ मध्ये विजेतेपदही आलं. मग २००३ च्या ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात क्लब ब्रुगकडून पेनल्टींवर हरले आणि गृहीत धरलेला पैसा आलाच नाही. अगदी लेफ्टबॅक यांनी लीड्सबद्दल लिहिलंय तेच. त्यांचं मैदान वेस्टफालनस्टाडियॉन आधीच एका गुंतवणूक निधीला विकून भाड्याने घेतलेलं होतं. पगाराला पैसे नव्हते तेव्हा बायर्न म्युनिकने २० लाख युरो उसने दिले. प्रतिस्पर्ध्याने!

१४ मार्च २००५ ला ड्युसेलडॉर्फ विमानतळावर त्या निधीच्या गुंतवणूकदारांची सभा झाली. त्यांनी सवलतीच्या योजनेला होकार दिला म्हणून क्लब वाचला. नकार मिळाला असता तर क्लब दिवाळखोरीत गेला असता.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाट्झके यांनी सूत्रं घेतली, मैदानाचं नाव विकलं, पगार खाली आणले, आणि २००८ मध्ये प्रशिक्षक क्लॉप आल्यावर तरुण, स्वस्त खेळाडूंवर संघ उभा राहिला. २०११ आणि २०१२ मध्ये विजेते, २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. काटकसरीने संघ कमजोर होतोच असं मानणाऱ्यांनी ती आठ वर्षं नीट पाहावीत.

शाल्केही सभासदांचाच क्लब आहे. २० कोटी युरोंहून जास्त कर्ज घेऊन २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत गेला.

---

दहानंबरी

बार्सिलोनाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. तोही सभासदांचा क्लब.

२०१७ मध्ये नेमारचे २२.२ कोटी युरो आले आणि ते देंबेले, कुटिन्यो यांच्यावर गेले. पगार वाढतच राहिले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्लबाचे अध्यक्ष लापोर्ता यांनी एकूण कर्ज १३५ कोटी युरो असल्याचं जाहीर केलं आणि पगारांचा बोजा कमाईच्या १०३ टक्के. स्पेनच्या लीगची, म्हणजे ला लीगाची, पगारमर्यादा आधीच, हंगाम सुरू होण्यापूर्वी लागू होते, म्हणून मेस्सीची नोंदणीच होऊ शकली नाही. जगातला सर्वोत्तम खेळाडू राहायला तयार होता, क्लबाला तो हवा होता, तरी गेला. त्या आठवड्याचं दुःख मला अजून आहे.

पण पुढे जे झालं त्यावर फक्त टीका होते, ते मला पटत नाही. २०२२ मध्ये लीगच्या प्रक्षेपण हक्कांतला आपला २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी विकला आणि लेवांडोव्हस्की, राफिन्या, कुंदे आणले. सगळे म्हणाले भविष्य गहाण टाकलं. २०२३ मध्ये लीग जिंकली, २०२५ मध्ये पुन्हा. आणि या यशाचा कणा म्हणजे अकादमीतून आलेले यामाल, कुबार्सी, गावी. पैसे नव्हते म्हणून मुलांना संधी मिळाली. संघ स्पर्धेत राहिला नसता तर प्रायोजक, प्रेक्षक, सगळंच आटलं असतं.

---

लेफ्टबॅक (धागालेखक)

दहानंबरी, मुलांबद्दल शंभर टक्के सहमत. विक्रीबद्दल नाही.

तो २५ टक्के वाटा २०४७ पर्यंत परत यायचा नाही. आजच्या संचालकांपैकी किती जण तेव्हा पदावर असतील? लीड्सनेही २५ वर्षांचीच तिकीटविक्री गहाण टाकली होती. फरक इतकाच की बार्सिलोनाचं नाव मोठं आहे, म्हणून एक पाऊल चुकलं तरी पैसे देणारा मिळतो. हाच प्रयोग मधल्या फळीतल्या क्लबाने केला असता तर काय झालं असतं? बोर्दो पाहा. फ्रान्सचा सहा वेळचा विजेता, २०२४ मध्ये व्यावसायिक दर्जा सोडून चौथ्या श्रेणीत गेला.

आणि विकल्यानंतरही नोंदणीचा त्रास संपला नाही. २०२५ च्या जानेवारीत ओल्मो या खेळाडूच्या नोंदणीवरून काय धावपळ झाली ते आठवा.

---

दहानंबरी

ओल्मोचं प्रकरण लाजिरवाणं होतं, त्याचा बचाव करणार नाही. पण २०२२ मध्ये दुसरा मार्ग कोणता होता ते अजून कुणी सांगितलेलं नाही. पाच वर्षं आठव्या-नवव्या क्रमांकावर राहणं हे सभासद मान्य करतील? निवडणूक त्यांनाच जिंकायची असते.

---

जुना_स्वीपर

डॉर्टमुंडने दोन हंगाम सातवं, मग नववं, मग तेरावं स्थान स्वीकारलं. मैदान तरी भरत होतं.

---

प्रथमेश७

मग ब्रायटन? स्वस्तात घ्या, महागात विका. खेळाडू कैसेदो साधारण ४५ लाख पौंडांना आणला आणि चेल्सीला ११.५ कोटींपर्यंतच्या व्यवहारात विकला. हे सर्वांत निरोगी मॉडेल नाही का?

---

ताळेबंद

खरेदी-विक्रीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण ब्रायटनचं मैदान, सराव केंद्र आणि सुरुवातीच्या वर्षांचा तोटा हे सगळं मालक टोनी ब्लूम यांच्या बिनव्याजी कर्जावर उभं राहिलं. मालक जन्माने तिथला समर्थक आहे, म्हणून ते निभावलं. क्लबाची प्रकृती एका माणसाच्या मनावर अवलंबून असेल तर ती मी मजबूत म्हणणार नाही. चेल्सीत तेव्हाचे मालक अब्रामोविच यांचं कर्ज १५० कोटी पौंडांवर गेलं होतं. २०२२ मध्ये त्यांच्यावर निर्बंध आले, क्लब विकावा लागला, आणि कर्ज त्यांनी सोडून दिलं. ते वसूल करायचं असतं तर?

इटलीच्या इंटरचं तर उत्तर समोर आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये विसावं लीग विजेतेपद, तेही शेजारच्या मिलानला हरवून. मे महिन्यात मालक सुनिंगला ओकट्री या गुंतवणूक कंपनीचं सुमारे ३९.५ कोटी युरोंचं कर्ज फेडता आलं नाही आणि क्लब ओकट्रीच्या ताब्यात गेला. संघाने लीग जिंकूनही मालकाचं कर्ज फिटलं नाही. लेफ्टबॅक, तुमच्या पहिल्या प्रश्नात ही शक्यता बसत नाही.

---

मृण्मयी

माझ्या प्रश्नात बसते. ते कर्ज मालकाने घेतलं होतं आणि तारण क्लब होता.

इंग्लंडमध्ये २०२५ च्या जुलैमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा झाला. क्लबांना परवाना लागेल, आर्थिक आराखडा दाखवावा लागेल, मालकाच्या पैशांचा उगम तपासला जाईल. त्या आराखड्यात कर्जाच्या तारणाचं पान सगळ्यांत आधी उघडावं, आणि घेणेकऱ्यांच्या यादीत प्रथमोपचारवाल्यांना खेळाडूंच्या बरोबरीने बसवावं, एवढी माझी अपेक्षा आहे.